नळीला पाडलेली भोकं

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज तुमच्याशी बोलायला बसलोय ते एका बंदुकीबद्दल. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून म्हणाला असता, एवढ्या लांब बर्फात जाऊन या शहाण्याला बंदूकच सुचली! सुचली खरी. गेले काही महिने मला स्वतःची किळस येते. दाढी करताना आरशात नीट बघवत नाही. आणि हे ज्या माणसाला सांगायला हवं तिला सोडून मी तुम्हाला सांगतोय, यातच सगळं आलं.

मी इथे कॅनडात, ग्वेल्फला एका फूड प्लांटमध्ये मेन्टेनन्सला आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी आमच्याकडचे निम्मे लोक रानहंसांच्या शिकारीला जातात. मीही कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन काढलं आणि एक जुनी साधी बंदूक घेतली. बार काढला की नळी उसळून आभाळाकडे जायची आणि खांदा चार दिवस ठणकायचा. लंचरूममध्ये माझ्या समोर बसणारा एक जण म्हणाला, "पोर्टेड बॅरल घे, मॅन. नो किक! सेकंड शॉट सो फास्ट, यू वोन्ट बिलीव्ह इट." नळीच्या तोंडाजवळ वरच्या अंगाला दोन ओळींत बारीक भोकं पाडलेली असतात. बार झाला की आतला वायू त्या भोकांतून वर सुटतो आणि नळीला खाली दाबून धरतो. नळी उसळत नाही, नजर पाखरावरून हलत नाही, दुसरा आणि तिसरा बार लागोपाठ काढता येतो. त्याने तोटे सांगितलेच नाहीत, असं म्हणून मी हात झटकले असते, पण दुकानातल्या म्हाताऱ्याने सगळे सांगितले होते. भोकांत काजळी बसते, काडतुसातलं प्लॅस्टिक खरवडून अडकतं, अंधूक उजेडात जाळ डोळ्यांपुढे येतो, आणि धक्का म्हणाल तर फार काही कमी होत नाही. मग म्हणाला, "अँड द गाय बिसाइड यू विल हेट यू. आवाज सगळा त्याच्याकडे जातो." मी हसलो आणि तसलीच बंदूक घेतली. माझ्या शेजारी कोण बसणार होतं?

तुमची ठासणीची बंदूक आठवते. चिकू खायला येणारी वटवाघळं हुसकायला तुम्ही ती वाडीत काढायचात. मी सतराचा होतो. तुम्ही वसईच्या बाजारात गेला होतात आणि मी न विचारता बार काढला. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई बोंबील तळतेय, मी सदरा काढून निळा पडलेला खांदा तिला दाखवतोय, आणि तुम्ही दारात उभे आहात. मला वाटतं, आता पाठीवर थाप पडेल. तुम्ही खांद्याकडे बघतही नाही. "बाजूला कोण होतं?" एवढंच विचारता. मी म्हणतो, आपला म्हातारा गडी होता. वाढलेलं ताट तसंच ठेवून तुम्ही बाहेर जाता आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसून एकेका कानाशी हलक्या आवाजात बोलून बघता, ऐकू येतं का म्हणून. त्याला येत होतं. तरी त्या हंगामात तुम्ही मला बंदुकीला हात लावू दिला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. गड्याच्या कानाचं एवढं काय, असं वाटलं होतं.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरमध्ये मी तुमच्या सुनेला शेतावर घेऊन गेलो. तिला यायचं नव्हतं. "अरे, मला नाही बघवत ते मरताना," म्हणाली. मीच मागे लागलो, एकदा ये, बघ तरी तुझा नवरा काय करतो ते. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला प्रेक्षकही लागत होता. कापलेल्या मक्याच्या धसकटांत आम्ही पेंढ्याच्या आडोशामागे बसलो, मी तिच्या डावीकडे. दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारे मफ होते. मग लांबून हंसांचा आवाज आला आणि मी तिला म्हणालो, "मफ जरा वर कर. ऐक, कसले ओरडतात!" तिने डाव्या कानावरचा वर केला. हसली. तेवढ्यात थवा अगदी टप्प्यात आला आणि मी चाप ओढला. एक, दोन, तीन. जुनी बंदूक असती तर पहिल्या बारानंतर ती उसळली असती, आणि तेवढ्यात हिचा हात कानावर गेला असता. या बंदुकीने तेवढा वेळच दिला नाही. जी गोष्ट विकत घेतली होती, ती अगदी सांगितल्याप्रमाणे चालली. ही कान दाबून वाकून बसली होती, आणि बाबा, मी उठलो तो आधी पडलेला हंस उचलायला गेलो.

तिच्या डाव्या कानातली शिट्टी थांबेना तेव्हा क्लिनिकमध्ये गेलो. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "एनी लाउड नॉइज? गन्स, कॉन्सर्ट्स?" तुमची सून माझ्याकडे बघू लागली. मी तिच्या आधी बोललो, "शी वर्क्स इन अ बेकरी. मशीन्स." बाईंनी ते लिहून घेतलं. बाहेर पडल्यावर तीच म्हणाली, "असेल रे, त्या मिक्सरचा आवाज आहेच मोठा. त्या दिवशीचं तर दोन दिवसांत गेलं असतं ना?" मी हो म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

महिन्यातून एकदा मिसिसागाच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा असते. तिथल्या गायकवृंदात वरचा सूर तिचा असायचा. तुम्हीच तर तिला चर्चमध्ये गाताना ऐकून स्थळ आणलं होतंत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे आता तिचा सूर हलतो. कोणी तोंडावर बोललं नाही, पण एका रविवारी तिने आपण होऊन गाण्यांची वही परत केली. "वय झालं गं," असं बायकांना सांगत होती. पन्नाशीही झालेली नाही तिची. मी शेजारी उभा राहून समोसा खात मान डोलावत होतो. बंदूक मी विकून टाकली, पण त्यातही माती खाल्ली. घ्यायला आलेल्या पोरसवदा माणसाला मी काय सांगितलं असेल? "नो किक. सेकंड शॉट व्हेरी फास्ट." त्याची बायको गाडीत बसली होती.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्याकडे टपाल जात नाही, आणि हिच्या हाती पडू देण्याची माझ्यात हिंमत नाही. मी तिला सांगितलंच नाही असं मात्र नाही. गेल्या आठवड्यात ती सिंकपाशी भांडी घासत होती तेव्हा मी मागून गेलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. हलक्या आवाजात, नळ सुरू असताना, तिच्या डाव्या बाजूला उभं राहून. बाजू मी विचार करून निवडली होती. तिने नळ बंद करून मान वळवली, "काय म्हणालास?" मी म्हणालो, "चहा टाकू का, विचारत होतो."