ठाणेदार आता फोनवर येत नाही

धारणी, मंगळवार

प्रिय सुनंदा,

माझी तब्येत ठीक आहे. शाळेचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं आणि डब्यातल्या वरणात हल्ली डाळही सापडते. तुझे गुडघे कसे आहेत?

रविवारी मी नेहमीसारखं म्हटलं, आपल्या ठाणेदाराच्या कानाला फोन लाव. तू म्हणालीस, "घ्या, आयकून राहिला तो, बोला." आणि पलीकडून दणदणीत भुंकणं आलं.

सुनंदा, बारा वर्षांत तो कुत्रा माझ्या आवाजाला कधी भुंकला नाही. भुंकायचा तो दूधवाल्यावर. मी बोललो की नुसता नाकातून कण्हायचा. हा आवाज शेजारच्या गावंडे वहिनींच्या ब्रूनोचा होता. त्याला भुंकायला काय लाच दिलीस, बिस्किट की पोळी?

मग मी वहिनींनाच फोन लावला. आधी आढेवेढे, मग रडतच म्हणाल्या, "भाऊजी, आठ दिवस झाले त्याले जाऊन. तुमाले सांगायचं नाई, अशी शपथ घातली होती तिनं मले."

मी इथं एकटा, त्यात रक्तदाब, म्हणून लपवलंस ना? पण तू तिथं एकटीनं त्याला पुरलंस आणि रोज माझ्याशी हसून बोललीस. त्याला घरात आणलं तेव्हा आठवडाभर तोंड फुगवून बसलेला मीच होतो, हे मात्र आता कोणाला सांगू नकोस.

शनिवारी दुपारच्या बसनं अमरावतीला येतो. तोवर त्याचं झोपायचं पोतं धुऊ नकोस. आणि सगळं रडणं एकटीनं उरकू नकोस, माझ्या वाट्याचं राहू दे.

तुझाच,
विनायक