दाराजवळची वाट

४ जुलै, नांदेड

सकाळीच मामांशी वाजलं. गिऱ्हाइकाला उलट बोललो म्हणे. बोललो. डॉक्टरनं लिहिलेल्या गोळ्या अर्ध्याच द्या म्हणत होतं, वर मलाच शिकवून राहिलं.

मामा : "गजा, कॉलेजात मास्तरच्या अंगावर गेलास अन् घरी बसलास. हे दवाखान्याखालचं मेडिकल हाय, आखाडा न्हाई."

बरोबर हाय. तरी डोकं उतरलं नव्हतं.

दुपारी शि. दिसली.

शिवकन्या. नाव एकदाच लिहितो, पुढं शि. (वही कपाटात असते, मामा ते उघडतात.) लातूरला फार्मसीच्या वर्गात माझ्या पुढच्या बाकावर. ती पास होत गेली, मी दुसऱ्याच वर्षी बाहेर. आज सोबत तिचे अप्पा, लातूरला भांड्यांचं दुकान आहे त्यांचं, आणि आई. मला बघून, "गजानन, तू इथं?" एवढंच. हसली न्हाई.

वर्गात व्हायचं ते अजून होतंय तिला. एकाएकी छाती उडायला लागते, गळ्याची शीर लांबून दिसते, तोंड पांढरंफटक. मग जसं आलं तसं कट्‌कन बंद. सगळे म्हणायचे, परीक्षा आली की हिचं नाटक. एक मास्तर वर्गात मोठ्यानं म्हणाला होता. त्याच्याच अंगावर गेलो होतो मी. तिला कारण माहीत नसावं. नसूच दे.

५ जुलै

गाल अजून चुरचुरतोय.

तिच्या सगळ्या फायली साफ. शाळेपासूनच्या. "टेन्शन घेऊ नये" एवढंच जिथं तिथं. ईसीजी काढणारे खलीलभाई काल म्हणाले होते, "धडधड चालू असतानाची पट्टी पायजे. बंद पडल्यावरची पट्टी म्हणजे चोर गेल्यावर पंचनामा."

आज काउंटरपाशीच आलं तिला. आईनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली, "पी, गटागटा पी, दम कोंड." तेव्हा ध्यानात आलं. दर वेळी हेच. थंड पाणी, दम कोंडणं, आणि दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं ठीक. त्या माउलीनं लेकीला वाचवता वाचवता आजार लपवला इतकी वर्षं.

काउंटरवरून उडी मारली आणि बाटली हिसकली.

मावशी, म्हणजे तिची आई, ओरडली, "पोरगी मरायली अन् हा पाणी वढतोय! अहो, धरा की याला!"

एका हातानं बाटली, एका हातानं व्हीलचेअर. लिफ्ट, मग खलीलभाई. पट्टी सरसर निघाली, ठोके एकाला एक चिकटलेले. खलीलभाई म्हणाले, "सापडला चोर." मग त्यांनीच पाणी पाजलं, थांबलं.

बाहेर आल्यावर मावशीनं कानाखाली दिली. पट्टी बघितल्यावरसुद्धा परत घेतली न्हाई.

शि. म्हणाली, "बाटली दे आमची."

१२ जुलै

हैदराबादचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, ठोक्यांच्या आजारासाठीच. आज तिला बघितलं. वरती इंजेक्शन पोचवायला गेलो आणि दारात थांबलो. कुणी हाकललं न्हाई.

कागदावर हृदय काढलं त्यांनी. वरच्या दोन खोल्या, खालच्या दोन. मधी बांध. बांधातून करंट जात न्हाई. मधोमध एकच दार. वरून आलेला ठोका दारात जरा थांबतो, मग खाली उतरतो. तिच्या बांधात जन्मापासून मांसाचा एक बारीक धागा राहून गेलाय. ठोका दारातून खाली जातो आणि त्या चोरवाटेनं परत वर येतो, परत दारातून खाली. गरगर. शांत असताना त्या वाटेनं काही जात न्हाई म्हणून कागदावर दिसत न्हाई.

अप्पांना उमजेना. मला लगेच उमजलं, हदगावला रानात पाण्याची दारं धरलीत मी. बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की भरलेल्या वाफ्यातलं पाणी फिरून पाटात येतं.

उपाय : जांघेच्या शिरेतून तारा वर न्यायच्या, धागा शोधायचा, तारेच्या टोकानं तेवढाच जाळायचा. छाती फाडायची न्हाई.

"देखो अप्पाजी, रास्ता किधर है उसपे सब है. दरवाजे से दूर है तो आसान. दरवाजे के पास है तो…"

दार जळालं तर ठोका खाली उतरणारच न्हाई. मग छातीत पेसमेकरची बॅटरी, जन्मभर. आणि वाट कुठं आहे ते तारा आत गेल्याशिवाय कळत न्हाई.

अप्पांनी एकच विचारलं, "व्रण राहतो का?"

तेव्हा रागच आला. काहून विचारलं ते आता लिहिताना समजतंय, पोरगी लग्नाची हाय.

१३ जुलै

स्थळ आहे. उदगीरचं. गोळ्या न्यायला आली तेव्हा स्वतःच बोलली.

"बघून गेलेत."

"कसा हाय?"

"बरा हाय."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा, गजानन. तुझ्यासारखा काउंटरवरून उड्या मारत न्हाई."

त्यांना आजाराचं सांगितलं का विचारलं. न्हाई. अप्पा म्हणतात, आधी दुरुस्त होऊ दे, मग सांगायचं कशाला.

उदगीरच्या त्या घराचं दुकान कोणतं ते काढायला मला वेळ लागला न्हाई. नंबर पण मिळाला. एक फोन. एवढंच काम.

१४ जुलै

केला न्हाई. नंबर खोडला. पाठ झालाय तो भाग वेगळा.

९ ऑगस्ट

उद्या तिचं. आज भरती केलं. आणि आज मी घाण करून ठेवली.

ही माणसं लिंगायत. गळ्यात दोऱ्याला चांदीच्या डबीत इष्टलिंग. लहानपणी बांधलेलं, मरेपर्यंत अंगावेगळं करायचं न्हाई. सिस्टर म्हणाली, छातीवर पट्ट्या लावायच्या, फोटोत चांदी मधी येते, काढा. अप्पा उठूनच उभे राहिले. "मग न्हाई करायचं. चला घरी."

मी औषधांचा डबा घेऊन आलो होतो. तोंड सुटलं. म्हणालो, "अप्पा, एका दगडापायी पोरगी घालवता का?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाळा, तू आमचा कोण?"

मी डब्यातली इंजेक्शनं मोजायला लागलो.

शि. माझ्याकडं न बघता बोलली. "अप्पा, रोज पूजेला लिंग डाव्या तळहातावरच घेतो की आपण. डबी काढा, दोरा काढा. लिंग फडक्यात गुंडाळून तळहाताला बांधा. अंगावरच राहील."

अप्पा खाली बसले. सिस्टरनं फोन करून विचारलं, डॉक्टर चालतं म्हणाले. सुई उजव्या हाताला लावणार.

मी डबा ठेवून खाली आलो. तिनं मला एक शिवी दिली असती तर…

१० ऑगस्ट

सकाळी आत नेलं. भूल फक्त जांघेपुरती, ती जागी. डावी मूठ पांढऱ्या फडक्यात.

मामांनीच पाठवलं मला. "जा वरी. तसंही इथं बसून उलट्या गोळ्या देशील."

कॅथलॅबबाहेर, तारा घालतात त्या खोलीबाहेर, अप्पा एकटेच. मावशी खोलीत जपाला बसलेल्या. मी भिंतीला टेकून उभा. कालच्यावरून माफी मागायची होती, तोंडात आली न्हाई. त्यांनी पिशवी उचलून बाकडं रिकामं केलं. बसलो.

लई वेळानं डॉक्टर आले. एक्स-रेसाठीचा जड पोशाख तसाच अंगात, कपाळ घामानं ओलं.

वाट सापडली. दाराला चिकटून. डाव्या-उजव्या खोल्यांमधल्या पडद्यात, दारातून ठोका खाली नेणाऱ्या मुख्य फांदीच्या अगदी बाजूला. "दोनों चिपके हैं. जलाऊँ तो रास्ता बंद हो जाएगा. दरवाजा भी जा सकता है. बोलो क्या करना."

अप्पा माझ्याकडं वळले. काल ज्याला कोण विचारलं, त्यालाच. "तू शिकलेला. सांग. बॅटरी बसली तर पोरीचं कसं?"

हे लिहितोच. कुणी वाचलं तर वाचू दे. डोक्यात आलं, जाळू द्या म्हणावं. दार गेलं तर बॅटरी. बॅटरी बसली की उदगीर आपोआप तुटलं. मग कोण उरतं? मी. एवढं सगळं एका दमात आलं. ती आत उताणी, तारा हृदयात, आणि मी बाहेर बसून माझा हिशेब…

थुंकलो असतो स्वतःवर.

म्हणालो, "अप्पा, तिलाच विचारा की. ती जागी हाय."

ते बघतच राहिले. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा, तोंडातून निघेपर्यंत.

डॉक्टर आत गेले. परत येऊन म्हणाले, "बोल रही है, आज नहीं."

तारा काढल्या. आता हैदराबाद. तिथं जाळायच्या ऐवजी गोठवायची तार आहे. आधी थोडंच गार करून बघतात. दार ढिलं पडायला लागलं की हात आखडता, ऊब आली की दार परत जिवंत होतं. जाळलेलं मात्र परत येत न्हाई.

११ ऑगस्ट

दाराशी गेलो. जांघेवर वजन ठेवून सरळ पडलेली, लिंग परत गळ्यात.

"काल आत लई भीती वाटली का?"

"हो. ते मुद्दाम धडधड आणायलेत अन् थांबवायलेत, आणायलेत अन् थांबवायलेत. पडद्यावर दिसतं सगळं. इतकी वर्षं जे नाटक होतं, ते तिथं रेघांत चाललेलं." मग म्हणाली, "तो मास्तर बघायला पायजे होता."

म्हणजे माहीत होतं तिला.

दगड म्हणालो त्याबद्दल बोललो. ती म्हणाली, "अप्पांना बोल. मला कशाला?"

अप्पांना बोललो. "हं," म्हणाले. बस्स.

२९ ऑगस्ट

शि.चा फोन, लातूरहून. गोळ्यांवर आहे, तरी दोनदा आलं. हैदराबादची तारीख ठरली.

उदगीरच्या पोराला तिनं स्वतः सांगितलं. अप्पांना न विचारता. घरात दोन दिवस चूल अन् तोंडं दोन्ही बंद.

"काय म्हणाला तो?"

"घरी विचारून सांगतो म्हणाला."

मग :

"गजानन, तो न्हाई म्हणाला तरी तू लगेच येऊन उभा राहू नको."

"हाव," म्हणालो.

फोन ठेवल्यावर शटरला लाथ मारली. मामा बघून न बघितल्यासारखे. पाय सुजलाय.

१२ सप्टेंबर

सकाळपासून काउंटरवर. आज हैदराबादला तिचं. मला कुणी चल म्हणालं न्हाई. म्हणणार कसं?

तिचा मेसेज, "आत घ्यायलेत. लिंग डाव्या हाताला बांधून दिलं त्यांनी, काही बोलले न्हाईत." नंतर काही न्हाई.

दुपारी अप्पांचा फोन. आवाज बारीक.

"गजानन," म्हणाले. नावानं पहिल्यांदाच. "गोठवलं म्हणायलेत. गोठवताना दार ढिलं पडलं होतं जरा. थांबले, परत केलं. आता धडधड येईना झाली. पण लगेच सांगता येत न्हाई म्हणे. ऊब आल्यावर वाट परत उघडते का बघणार. दाराचं पण तेव्हाच कळणार. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे कुणी विचारलं की मी लई बोलतो. आज एवढंच :

"थांबू, अप्पा."

"हं. थांबू."

त्यांनी फोन ठेवला न्हाई. मी पण न्हाई. काउंटरवर फोन पालथा, स्पीकर चालू ठेवलाय, बाजूला लिहून राहिलो. तिकडं कुणाच्या तरी चपला वाजतात, मावशींचा जप येतो, मधीच तुटतो, परत सुरू होतो. मामांनी गिऱ्हाईक हातानंच बाहेर थांबवलंय.

आत्ता तिकडं एक दार उघडल्याचा आवाज आला. अप्पा उठले असावेत. कुणीतरी काहीतरी बोलतंय, लांबून, मला ऐकू येईना, वही मिटून फोन कानाला लावतो.