पहिल्या रिंगला ओ

११ एप्रिल २०१६, उदगीर
आलो बुवा एकदाचा! नांदेडहून एसटीनं हाडं खिळखिळी झाली, पण मालक गुरुबसप्पांनी आल्या आल्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा पुढं केला. नवा जिल्हा होणार म्हणे. जाहीर व्हायचा पत्ता नाही, यांनी मात्र 'जिल्हा टँकर मदत केंद्र' अशी पाटी रंगवून घेतली! दुष्काळात केंद्रामागची विहीरसुद्धा आटलीय, फोन आवरेनात, म्हणून फोन आपोआप घेणारं माझं यंत्र हवंय. टँकरसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन. आवाज माझाच भरला. शुद्ध बोलणं कानावर तरी पडेल यांच्या. बायको रुद्राणी औशाला माहेरी आहे, सातवा महिना. रोज दुपारी फोन करायचं कबूल केलंय.

१२ एप्रिल
इथला फोन घेणारा शरणप्पा म्हणजे नमुना. पहिल्या रिंगला हात लावत नाही, तिसरीला उचलतो. का, तर म्हणे, "पयल्या हाकंला ओ देऊ न्हाई साहेब. ओ देणाऱ्याचा आवाज तिकडं जातो." पोट दुखेस्तोवर हसलो. मुद्दाम यंत्राला पहिल्याच रिंगला फोन घ्यायला लावलं. अडाण्यांचा बाजार नुसता.

१३ एप्रिल
एकशेचार फोन. त्यातला एक, बिननंबरी, काहीच न दाबता माझा आवाज सत्तावीस वेळा ऐकत बसला. असेल कुणी रिकामटेकडा. घसा बसलाय. शरणप्पा माझ्याकडं मयताला आल्यासारखा बघत राहिला. बावळट.

१५ एप्रिल
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतो, घशात काही नाही. काय दिवे लावणार हा! यंत्रावर माझ्याच आवाजात तिसरी सूचना आलीय: 'घरच्यांसाठी तीन दाबा.' मी भरलेली नाही. पुसली. परत आली.

१६ एप्रिल
रुद्राणीचा मेसेज: काल तासभर किती गोड बोललात, येते मी. काल? मी तर—
लिहिलं, तो फोन माझा नाही, येऊ नको. उत्तर आलं: 'आत्ताच तर म्हणालात, मेसेजकडं लक्ष देऊ नको. बसले गाडीत.'
भीती वाटतेय. फार.

१६, दुपार
यंत्राच्या खोलीत आलो. वायरी तोडल्या. तरी बोलतंय. दार उघडेना. शरणप्पा जेवायला गेलेला—

खोलीच्या काळ्या काचेतून बाहेर आलेली रुद्राणी दिसते. तिला मी नाही. तिनं टेबलावरचा फोन उचललाय. माझा आवाज सांगतोय, मागच्या विहिरीला पाणी लागलंय, बघायला ये. ती हसली.

काच बडवली. दचकली. फोनलाच विचारलं, "आत कोण आहे हो?"

"तो? खुळा आहे. लक्ष देऊ नको."

निघाली. पान फाडून दाराखालून सरकवतो—

रुद्राणी, थांब, मी इकडं आ