भालूचा उन्हाळा

१२ मार्च
रायपूर राजधानी झाल्यापासून शंकर नगरात बदल्याच बदल्या. शेजारचे साहेब दिल्लीले गेले अन् कुत्रं आमच्या गळ्यात. "भाभीजी, बस दो महीने." न्यूफाउंडलंड जातीचं म्हणे. काळं, अस्वलाएवढं. लाळ तर विचारूच नका. मोहल्ल्यातली पोट्टी त्याले भालू म्हणतात. यांनी मले न विचारता हो म्हटलं! रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाल्यापासून हा माणूस पलंग सोडत नाही. फिरवणार कोण? मीच, शाळा सांभाळून.

१९ मार्च
नाही, हेच फिरवून राहिले. रोज सकाळी तलावापर्यंत. आज एक भैया डुबकी मारून आंघोळ करत होता. भालूनं उडी टाकली, दंड धरून त्याले काठावर आणलं. तो ओरडून राहिला, "अरे, मैं डूब नहीं रहा!" सांगता सांगता हे हसले. किती महिन्यांनी! माझी पोळी करपली.

२ एप्रिल
हे सायबर कॅफेत वाचून आले. या जातीच्या कुत्र्यांनी कोळ्यांच्या होड्यांवर जन्म काढले, बर्फाच्या पाण्यातून बुडती माणसं ओढली, धन्याची साथ सोडली नाही. मी म्हटलं, "अन् आता गार्डसाहेबांची ड्युटी करून राहिला." रागावले नाहीत.

२८ एप्रिल
ऊन मरणाचं. कूलर भालूले, आम्ही पंख्याखाली. तरी धापा टाकते. काल जेवला नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ठंडे मुल्क का जानवर है, दीदी. मई नहीं झेलेगा." यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मले भालूची काळजी. अन् तो गेला तर यांची, त्याहून जास्त.

५ मे
साहेबांचा फोन. दिल्लीतही तेच ऊन, ते नेणार नाहीत. मैनपाटच्या थंड डोंगरावर त्यांची बहीण राहते, ती ठेवायले तयार. रविवारी जीप. यांले सांगायची हिंमत होईना. दुपारी सांगितलं. "काहून? मी बर्फ आणतो ना." मले रडू आलं, भांडी आपटली.

९ मे, रविवार
भालू जीपमध्ये चढेना. चौघांनी ढकललं, हलला नाही. हे आत गेले. मले वाटलं, झालं, धरला पुन्हा पलंग. तर बाहेर आले ते हातात पिशवी, पायात बूट. "त्याले पोचवून येतो." बसले. मागोमाग भालू. डबा बांधून द्यायचंही सुचलं नाही मले.

१३ मे
एसटीडीवरून यांचा फोन. भालू दोन्ही वेळा जेवते, झऱ्यात पडून राहते.
"अन् तुम्ही कधी येता?"
"पहाटे थंडी पडते इथं. माझा स्वेटर घेऊन ये."
"म्हणजे मी येऊ?"
"मग काय पोस्टानं पाठवते?"
बाई गं! तीस वर्षांत या माणसानं मले कुठं बोलावलं नव्हतं. शाळेले सुट्ट्याच आहेत. किती दिवसांसाठी, विचारलं नाही. दोन स्वेटर काढले, उन्हात टाकले.