मिठाचा डबा

पप्पा, आज तुमचा फार राग येतोय. पाळक तुम्ही होतात, मंडळीकडे मागायची विद्या तुमच्याकडे होती. ती कुणाला न शिकवता गेलात, आणि चर्चमधल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचं ओझं माझ्या गळ्यात पडलं. गिरणी संपाच्या साली तुम्ही पेटवलेली ती चूल या रविवारनंतर विझणार. किती रविवार झाले, उपासना संपली की उभी राहून मागतेय. घसा बसला, बायबलमधली वचनं वाचून झाली, परवा तर सगळ्यांसमोर रडले. दानाची पिशवी हलकीच परत येते. "ताई, आधी साउंड सिस्टीमचं बघू ना," चर्चच्या कमिटीतले एक पंच म्हणाले. वाट लागलीय माझी, पप्पा.

सारखी ती भांडुपच्या टेकडीवरची चाळ आठवते. गिरण्या बंद, मंडळीतले निम्मे पुरुष घरी बसलेले. तुम्ही पिशवी घेऊन दारोदार निघालाय, मी फ्रॉक सावरत मागे. एका दारात बाई उसळते, "पाळकबुवा, घरात दाणा नाही अन् दान कसलं मागता? पोरं उपाशी राहतील माझी, पण तुमच्या फुकटच्या पंगतीला नाही धाडायची!" मला वाटलं, पळावं इथून. तुम्ही मात्र चपला काढून उंबऱ्यातच बसलात. "खिचडी टाकलीय गं, आणि मीठ संपलंय. मूठभर दे. पोरांना अळणी कसं घालू?"  मग ती आत जाऊन खडेमीठ घेऊन आली. मी बोलून गेले, "पप्पा, आपल्याकडे तर अख्खं पोतं..." तुम्ही माझा दंड असा दाबलात की कळ मस्तकात गेली.

त्या दुपारी तिची मुलं जेवायला आली. तीही आली, पदर खोचून वाढायला. घरी मी फुरंगटून म्हटलं, पाळक असून खोटं बोललात. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "नुसतं घेताना माणसाची मान खाली जाते. तिचं मीठ पडलं, आता ते जेवण तिचंही आहे." पुढे तिच्या नवऱ्याला दुसरीकडे काम लागलं, तेव्हा तो पहिल्या पगारातला दशमांश घेऊन न बोलावता आला होता.

आणि मी? मी फक्त मंडळीतल्या फ्लॅटवाल्यांपुढे हात पसरले. मागच्या आठवड्यात, जेवायला येणाऱ्या एका मुलीची आई दारात थांबली. धुणीभांडी करते बिचारी. "ताई, जेवण बंद होणार म्हणतात. मी काय आणू का?" मी म्हटलं, "छे गं, तुझ्याकडून कसलं घ्यायचं!" मोठा चांगुलपणा केला ना मी. तिचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून तिची मुलगी जेवायला आलेली नाही.

उद्या सकाळी तिच्या दारात जाऊन बसणार आहे, मीठ मागायला. त्यानं चूल वाचेल असं नाही वाटत मला. पण रविवारी पुन्हा उभं राहायचं तर आधी तिचं मीठ पडलेलं हवं, नाहीतर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

हे पत्र धाडू तरी कुठे? एक सांगते, रागावू नका. तुमच्यासारखं सफाईनं खोटं बोलणं मला जमत नाही. चर्चमधला मिठाचा डबा काठोकाठ भरलेला होता. आत्ताच शेजारणीकडे रिकामा करून आले.