खिंडीतले दगड

हा-लेफोका,
२ सप्टेंबर

चि. त्सेलिसो यास,

मी तुझी आजी. आईची आई, गुडघे दुखतात ती. वर्षभरात तुझी एक ओळ आली नाही, म्हणून आधी ओळख करून दिलेली बरी. बोलतेय मी, लिहितेय तुझी बहीण केनेउए. अक्षराचं कौतुक तिला कर, रागवायचं असेल तर मला.

इकडे सगळं बरं. हिवाळा सरत आलाय. शिखरांवर अजून बर्फ आहे, पण ओढ्याकाठी पीच फुललेत. कड्यावरच्या गिधाडाला पिल्लू झालंय. बाप हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतो, खालच्या वाटेपर्यंत आवाज येतो.

तू गेल्यापासून डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट मीच दाखवते. हसू नकोस. दोन-दोन काठ्या घेऊन येतात नि माझ्यामागे धापा टाकतात. परवा मोलेफी गुराखी ओरडला, "आजी, गिधाडं बघायला निघालीस की गिधाडांना दिसायला?" म्हटलं, "तू पुढे हो, त्यांना आधी ताजं खाऊ दे."

घरात बसवत नाही. दारात जाते, खिंडीकडे बघते, परत येते. केनेउए म्हणते, "तुझ्या पायांत काय भरलंय गं?"

आता लिही केनेउए, थांबू नकोस.

खिंडीतली दगडांची रास, जिच्यावरून धुक्यात वळण कळतं, ती मी मोडली होती. मेंढवाड्याची भिंत पडली होती आणि तसे चपटे दगड जवळ कुठे नव्हते. गाढवावर लादून आणले. वाटलं, आपल्या माणसाला कशाला लागते रास? आठवड्यानं तू पाहुणे घेऊन धुक्यात शिरलास नि वळण सोडून कड्याकडे गेलास. पाहुण्यांतल्या एका बाईचा पाय मोडला. "आपल्याच डोंगरात हरवलेला वाटाड्या," गाव हसलं. मीही हसले रे. तू घोंगडं खांद्यावर टाकून शहरात, मासेरूला निघालास, तेव्हा मी त्याच भिंतीला टेकून उभी होते.

केनेउए माझ्याकडे बघतेय. "आजी, तू?" हेही लिही म्हटलं.

दगड परत नेतेय. गाढवावर नाही, स्वतः, खेपेला एक. रास कमरेपर्यंत आली.

रविवारी मुखियाच्या अंगणात सभा आहे, यंदाचे वाटाडे ठरायचेत. मी उभी राहून सगळं सांगणार आहे. हसू देत. मग तुझं नाव पुकारतील. तेव्हा "आहे" म्हणायला तू लागशील, माझं "आहे" ते धरत नाहीत. नाहीतर वाट मोलेफीच्या भावाकडे जाईल, आणि एकदा गेली की गेली.

अंगठा मीच उठवलाय, शाई जास्त लागली.

तुझी आजी

डब्यातले मासे हवेत, लाल रश्श्यातले. गाडीवाल्याबरोबर नुसते पाठवणार असलास तर दोन डबे पुरेत. घेऊन येणार असलास तर तीन आण.