बैलानं खाल्लेला शेवट

माय, आज दुपारी तुझी आठवण झाली आणि संध्याकाळची भाकरी थापायच्या आधी लिहायला बसले. आष्टीतल्या एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर आम्ही काहीजण महिन्यातून एका रविवारी जमतो. मी, माझ्या शाळेतल्या दोन बाई, एक पोस्टातले साहेब, एक कपड्यांचा दुकानदार, अशी माणसं. काम एकच, सध्या कोण कोणती कादंबरी वाचतंय ते सांगायचं. आज पोस्टातले साहेब रंगात येऊन सांगत होते आणि सांगता सांगता शेवटाकडे वळले, तेव्हा सगळे एकदम ओरडले, "शेवट नका सांगू!" मला हसू आवरेना. का हसता म्हणून विचारलं, तर मी नुसतं "काही नाही, गावाकडचं आठवलं" म्हटलं. त्यांना काय सांगणार? आपल्या छावणीतली ती कादंबरी सांगायची तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागते.

तू कुठंही असलीस तरी ते वर्ष विसरली नसशील. विहिरीचा तळ कोरडा पडला, कडबा संपला, आणि तालुक्याच्या दूध संस्थेनं वडवणीबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. आपली एक गाय, एक बैल आणि तू. बाबा संस्थेच्या टँकरवर होते, म्हणून जनावरांपाशी तूच राहिलीस. माझं डीएड झालेलं, नोकरीचं काही कळत नव्हतं, म्हणून मीही तुझ्यासोबत. चार बांबू, वर जुन्या साड्या जोडून केलेलं छप्पर, खाली दावण. सकाळी उसाचं वाढं मिळायचं, टँकर यायचा, आणि मग दिवस नुसता पडून असायचा. बायका उवा बघायच्या, गडी पत्ते कुटायचे. तू पिशवीतून वाचनालयाची कादंबरी काढायचीस आणि बैलाच्या सावलीत पाय लांब करून वाचायचीस. सातवीपर्यंत शिकलेली तू, पण माझ्या कॉलेजातल्या कुठल्याही मुलीपेक्षा जास्त कादंबऱ्या तुझ्या वाचून झालेल्या होत्या.

पहिल्यांदा विचारलं ते पलीकडच्या दावणीच्या कंडक्टरकाकांनी. एसटीतून रिटायर झालेले, एक म्हैस घेऊन आलेले. प्रवासी गाडीत विसरून गेलेली आणि मागायला कुणी न आलेली पुस्तकं त्यांनी वर्षानुवर्षं जमवली होती, सगळी खुनाची. "तुमचं काय चाललंय बाई?" त्यांनी विचारलं. तू सांगितलंस. मग तू त्यांना विचारलंस. ते खुन्याचं नाव आधी सांगून मोकळे झाले. तू कपाळावर हात मारलास, "अवो, मग वाचायचं कावून?" त्या दिवसापासून रोज दुपारी जनावरं रवंथाला बसली की तुमचं सुरू. हळूहळू आजूबाजूच्या बायकाही सरकून बसू लागल्या. वाचता न येणाऱ्यांना तू वाचून दाखवायचीस. मी एकदा कंडक्टरकाकांच्या पुस्तकांना "असली पुस्तकं" म्हणाले, तर तू मला सगळ्यांसमोर झापलंस. "दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवू न्हाई. त्याला गोड लागतंय न्हवं?" तेव्हा माझा चेहरा पडला होता. आता शाळेत मुलं काहीही वाचताना दिसली तरी मी तुझंच वाक्य म्हणते.

त्या उन्हाळ्यातली कादंबरी जाडजूड होती, कोकणातली. खाडीकाठची एक बाई, नवरा बोटीवर गेलेला तो वर्षं लोटली तरी परत नाही. दीर घर बळकावायला टपलेला. ती स्वतः होडी चालवून माणसं पलीकडे सोडते आणि घर राखते. पानोपानी पाणी. तू वाचायचीस आणि सगळे टँकरची वाट बघत ऐकायचे. आपल्या शेजारच्या दावणीला गावातल्या मोठ्या घरची म्हातारी होती, सोबत तिची सून. म्हातारी कधी आपल्यात बसली नाही. आपल्याकडे पाठ करून सुपात काहीतरी निवडत बसायची. पण एकदा तिथूनच बोलली, "एवढं पाणी हाय दारात, अन् हिला दुःख कसलं?" सगळे हसले. तू मात्र हसली नाहीस, "पाण्यानं काय होतंय काकू, माणूस पायजे न्हवं," म्हणालीस. सूनबाई खाली मान घालून शेणाच्या पाट्या भरत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

तिचा नवरा पुण्यात कंपनीत होता. दिवाळीला आला तर आला. हे सगळ्या छावणीला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. चार दिवसांनी ती आपल्याकडे विळा मागायला आली आणि विळा घेता घेता म्हणाली, "मावशी, पुस्तक एक दिवस देता का? मला मधलं ऐकू येत न्हाई." तू लगेच दिलंस. त्यांच्या घरात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं. पुस्तक चालत होतं. तू त्यावर एकदाच बोललीस, तेही मलाच, "कागदाला विटाळ नसतो वाटतं." मग पुस्तक वाढ्याच्या पेंढीत घालून इकडून तिकडे जायचं आणि तसंच परत यायचं. ती पुढचं वाचून तुला खुणेनं सांगायची, डोळे मोठे करून, की आता मोठं काहीतरी येणार आहे.

आणि मग ती दुपार. म्हातारीला पेंढीत पुस्तक सापडलं. तिचा आवाज सगळ्या माळावर ऐकू गेला. "कामाच्या वक्ताला पुस्तकं वाचती! अशानं संसार होतो का? म्हणूनच तो यायना घरी!" शेवटचं वाक्य म्हणताना तिनं पुस्तक भिरकावलं. ते पडलं आपल्याच बैलापुढं. भुकेला बैल, त्याला वाढं काय आणि कागद काय. कंडक्टरकाका धावले, मी शिंगाला धरलं, पण मागची पानं, सूनबाईनंही अजून न वाचलेली, गेली ती गेलीच. सूनबाई तिथंच उभी होती. रडली नाही. पाटी उचलली आणि शेणाच्या ढिगाकडे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती आपल्याकडे बघेनासुद्धा.

तू मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हतीस. त्याच दिवशी तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि म्हातारीच्या दावणीपाशी जाऊन उभी राहिलीस. मी मागं आले, कारण मला भीती वाटत होती. मोठं घर, आपण वस्तीतले, छावणी चालवणाऱ्या संस्थेवर त्यांचाच माणूस. तू म्हणालीस, "काकू, पुस्तकाचं मी बघीन. पण तो येत न्हाई ते तिच्या वाचण्यानं, हे तुमी कावून म्हणला?"

म्हातारी म्हणाली, "आमच्या घरात तू बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत. पण तुमी रोज आयकत हुता. पाठ करून बसलात तरी आयकत हुता. ती खाडीवाली बाई काम करत नव्हती का? तिचा कावून आला न्हाई?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती गडी बोलावणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "तो आला का पण शेवटी?"

तू म्हणालीस, "दारात आलता. तिथवरच मी वाचलंय. पुढचं बैलानं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी म्हातारी सूप घेऊन आली आणि आपल्यात बसली, तोंड आपल्याकडे करून. कंडक्टरकाका बीडला जाऊन दुसरी प्रत शोधून आले, मिळाली नाही. मग तूच म्हणालीस की ज्यानं त्यानं आपला शेवट सांगावा. कंडक्टरकाकांच्या मते दिरानं खून करायला हवा होता. एक म्हणाली, आल्या नवऱ्याचे पाय धुवावेत. तू म्हणालीस, "मी दार उघडलं नसतं." म्हातारी चिडली, "नवरा हाय तो! उघडायलाच पायजे." आणि तेवढ्यात मागून आवाज आला. सूनबाई खुंट्याला टेकून उभी होती. "उघडीन," ती म्हणाली. "पण उंबऱ्यातच विचारीन, की ऱ्हायला आलात का बघायला आलात." म्हातारी गव्हातले खडे बघत राहिली.

नंतर कळलं की म्हातारीनं कंडक्टरकाकांना सोबत घेऊन एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला होता. पोरगा आला. इस्त्रीची पँट, पायात बूट, शेणातून वाट काढत तो दावणीपर्यंत आला. छावणी बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. सूनबाईनं त्याला पाणी दिलं, पिऊ दिलं, आणि मग तेच विचारलं, शब्दाला शब्द. "ऱ्हायला आलात का बघायला?" त्यानं आईकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं नको बघू. तिला सांग." त्याचं पुण्यात दुसरं घर होतं, ते मागाहून कळलं. त्यानं नुसता चहा घेतला आणि वडवणीच्या स्टँडवरून दिवस मावळायच्या आत निघून गेला. त्या संध्याकाळी म्हातारीनं शेण स्वतः उचललं. सुनेला म्हणाली, "तू बस. दमलीस." मी म्हातारीला तोवर माया करताना पाहिलं नव्हतं.

पाऊस उशिरा झाला, छावणी मोडली, सगळे आपापल्या गावाला. वाचनालयात पुस्तक परत द्यायला आपण दोघी गेलो. त्या माणसानं ते उलटंपालटं करून विचारलं, "हे कुणी खाल्लं?" तू सरळ म्हणालीस, "बैलानं." त्याला ते खोटं वाटलं. आपण रस्ताभर हसलो.

तू गेल्यावर काही वर्षांनी मला रद्दीच्या दुकानात त्याच कादंबरीची पूर्ण प्रत मिळाली. लेखकानं नवऱ्याला दारातच छातीत कळ आणून मारलं होतं. मला फसवल्यासारखं झालं. सूनबाईचा शेवट त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आणि तिनं तो खरा करून दाखवला. ती पुढं अंगणवाडीत लागली. सासू-सून शेवटपर्यंत एका घरात राहिल्या. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा हीच तिला कादंबऱ्या वाचून दाखवायची, आणि म्हातारी मध्येच डोळे मिटून म्हणायची, "झोपले न्हाई, आयकतीय." हे सूनबाईनंच मला बीडजवळच्या पाली गावातल्या एका लग्नात सांगितलं. तुझं नाव काढलं आणि मग आम्ही दोघी सध्या काय वाचतोय यावरच बोलत राहिलो, जेवणाची पंगत उठून गेली तरी.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, घडी करून कपाटात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. वाचताना चांगलं पान आलं की माझी मान अजून वर होते, कुणाला तरी दाखवायला. समोर कुणी नसतं. मग मी तेवढं पान मोठ्यानं वाचते. बाहेरच्या खोलीत ह्यांना वाटतं, मी फोनवर कुणाशी तरी बोलतेय. मी त्यांना तसंच वाटू देते.